नोंदवहीतले नाव

सातवीत असताना मी पेठ तालुक्यात मामाच्या गावी आंब्यावरून पडलो आणि उजवे मनगट मोडून घेतले. गावातल्या हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून, अंड्याच्या पांढऱ्यात भिजवलेली पट्टी करकचून आवळली. हाड जुळले, पण तिरके. आज पन्नाशीतही तो तळहात पूर्ण उताणा होत नाही, त्यामुळे काळारामाच्या देवळात तीर्थ घेताना निम्मे मनगटावरून ओघळते. घरच्यांना वाईट वाटले, मात्र तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही, कारण त्या माणसाचे नाव कोणत्याच नोंदवहीत नव्हते आणि जे नोंदलेलेच नाही ते खोडणार कसे?

डॉक्टरांना सरकारी परवाना हवाच का, या वादात मी परवान्याच्या बाजूचा आहे तो एवढ्याचसाठी, की दिलेला परवाना काढून घेता येतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये याच्या उलट मांडणी केली होती: परवान्यामुळे व्यवसायात आधीच बसलेल्यांची मक्तेदारी होते, डॉक्टरांची संख्या मर्यादित राहते, उपचार महागतात, आणि म्हणून पारख रुग्णावरच सोपवावी. यातला मक्तेदारीचा आक्षेप मला खरा वाटतो, रुग्णाच्या पारखीचा भाग पटत नाही. न्हाव्याने केस बिघडवले तर महिन्याभराने दुसरे दुकान गाठता येते. सुरगाण्याहून एसटीने नाशिकला येणारा माणूस पित्ताशयाची शस्त्रक्रिया एकदाच करून घेतो, त्याला पारखायला दुसरी फेरी मिळत नाही. (परवाना ही इंग्रजांनी लादलेली कल्पना आहे असे म्हणणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेचे सूत्रस्थान पाहावे, वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन व्यवसायात पडावे असे तिथे स्पष्ट सांगितले आहे.)

मक्तेदारीचा आक्षेप खरा का वाटतो, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, ज्याला सगळे सीसीएमपी म्हणतात, तो आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचाच. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून तो पूर्ण करणाऱ्यांना ॲलोपॅथीची औषधे लिहून देण्याची मर्यादित मुभा दिली, आणि त्यांची नोंद ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंदवही ठेवणाऱ्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत करण्याचा विषय निघाला तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. एमबीबीएसला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे लागतात, तिथे एक वर्ष पुरते का, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. परंतु खासगी रुग्णालयात नातेवाइकाच्या उशाशी ज्याने रात्र काढली आहे त्याला हेही ठाऊक असते, की अनेक ठिकाणी रात्रपाळीचा आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, बीएचएमएस ही होमिओपॅथीची पदवी घेतलेला असतो आणि सलाईन, इंजेक्शनपासून पहाटेच्या फोनपर्यंत सारे तोच सांभाळतो. रात्री कमी पगारात जो चालतो, तो दिवसा नोंदवहीत का चालत नाही, याचे उत्तर मला संपाच्या एकाही निवेदनात सापडले नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली, त्याबद्दल तक्रार नाही. नोंदणी असलेल्याच्या चुकीची तक्रार मात्र राज्याच्या परिषदेकडे, म्हणजे बहुतांशी त्याच्याच व्यवसायबंधूंपुढे जाते. ग्राहक आयोग भरपाई देऊ शकतो, नाव खोडू शकत नाही. परिषदेच्या कारवाईने डॉक्टर नाराज झाला, तर त्याच कायद्याच्या कलम ३० नुसार त्याला वरच्या मंडळाकडे अपील करता येते. अपिलाच्या त्या तरतुदीत रुग्णाचा शब्दानेही उल्लेख नाही.