तुळजापूर घाट, ईव्हीची ब्रेक ऑइल गळती आणि 68,000 रुपयांचं कोटेशन

ईव्ही घेऊन सोलापूर-तुळजापूरकडे निघणार असाल तर आधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघा. "ईव्हीच्या ब्रेकला काही होत नाही हो, रीजेनवरच गाडी थांबते," असं निघायच्या आधी सर्व्हिसवाल्यानं मला छातीठोकपणे सांगितलं होतं. (रीजेन म्हणजे वेग कमी करताना मोटरनंच गाडीला रोखणं आणि ती वीज बॅटरीत परत भरणं.) मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसत होती, तीही त्यानं धुण्याचं पाणी म्हणून निकालात काढली.

ते पाणी नव्हतं. पाणी वाळतं, ब्रेक ऑइल वाळत नाही. बोटांत चोळलं की बुळबुळीत लागतं, फिकट पिवळसर दिसतं. कूलंट रंगीत असतो, एसीचं पाणी पुढच्या भागात ठिबकतं. मागच्या चाकाच्या आत अशी बुळबुळीत ओल दिसली की पहिला संशय ब्रेक ऑइलचाच घ्यायचा.

पुणे ते सोलापूर सरळसोट हायवे आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. अक्कलकोटही नीट झालं. खरा प्रकार तुळजापूरचा घाट उतरताना झाला. दर्शन होईपर्यंत गाडी चार्जिंगला होती, बॅटरी 100 टक्के. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज जायला जागा नसते, त्यामुळे रीजेन जवळजवळ बंद पडतं आणि सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो. हे मला विकणाऱ्यानं सांगितलं नाही, सर्व्हिसवाल्यानंही नाही. घाटमाथ्यावरून उतरायचं असेल तर 80-85 टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

उतारावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं आणि ब्रेकचा लाल दिवा लागला. सपाटीला विझला, पुढच्या ब्रेकला परत लागला. दिवा असा लागतो-विझतो तेव्हा डबीतलं ऑइल बहुतेक अगदी किमान पातळीवर आलेलं असतं. उतारावर ते एका बाजूला सरकतं आणि सेन्सर बोंब मारतो. गाडी थांबली, कारण ब्रेकच्या लायनी दोन वेगळ्या सर्किटमध्ये असतात. एक गळली तरी दुसरी धरते. पण तेवढ्यावर विसंबून पुढे जाऊ नका. घरी दोन लहान मुलं आहेत माझी, मी तामलवाडीच्या आसपास गाडी बाजूला घेतली ती घेतलीच.

टोइंगवाला आला तो दोर घेऊन. ईव्हीला दोर लावू देऊ नका. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते, आतलं काहीही जळू शकतं. फ्लॅटबेडच मागवा, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक. सोलापूरपर्यंतच्या तेवढ्या अंतराचे त्यानं 7,500 घेतले, ही सरळ लूट आहे. विम्यात रोडसाइड असिस्टन्स असेल तर पहिला फोन तिथे करा.

आता सोलापुरातला सगळ्यात वाईट भाग. सर्व्हिस सेंटरनं स्कॅनर लावला, एरर वाचला आणि कोटेशन हातात दिलं: ब्रेक बूस्टर व मास्टर सिलिंडर युनिट (पेडलचा जोर वाढवून ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग), 68,000 रुपये. वर "हाय व्होल्टेज आयसोलेशन", म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज तोडून ठेवण्याचे, 4,500. पार्ट यायला आठ दिवस. एकही चाक खोललं नव्हतं! आणि चाकातल्या ब्रेकच्या कामात हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हातही लागत नाही, मग आयसोलेशन कशाचं? मी गाडी उचलली.

अक्कलकोट रोडला एक वयस्कर मिस्त्री भेटले, टेम्पो-रिक्षांची कामं करणारे. त्यांचा पहिला प्रश्न, "चाक खोललं का कुणी?" मी नाही म्हटलं. "मग कशावरून बूस्टर गेला म्हणतेत?"

त्यांनी मागच्या चाकाचा डावा ड्रम, म्हणजे ब्रेकवरचं गोल झाकण, उतरवला. व्हील सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबानं लायनर बाहेर ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याच्या) टोकाचं रबरी बूट स्क्रूड्रायव्हरनं जरासं उचललं, तर आतून पिवळसर थेंब ओघळला. ड्रमला घासून चाक थांबवणारे दोन्ही लायनर तेलानं माखून चकचकीत झालेले. बूट काढल्यावर आत गंजाचं तांबूस कडं दिसलं. कारण उघड आहे: रीजेनमुळे मागचे ब्रेक फारसे चालतच नाहीत, सिलिंडरमधला पिस्टन एका जागी बसून राहतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यानं आतून गंज धरतो. मग एकदम जोरात ब्रेक लागला की सील त्या गंजावरून घासतं आणि फाटतं. म्हणून गाडी कितीही कमी चालली तरी दर दोन वर्षांनी ऑइल बदला.

आणखी एक. पेट्रोल गाडीत पॅड झिजले की डबीतली पातळी हळूहळू उतरते, ते साहजिक आहे. ईव्हीत पॅड फार सावकाश झिजतात. त्यामुळे पातळी उतरली तर आधी गळतीच शोधायची. वरून ऑइल ओतून देणाऱ्याला तिथेच थांबवा.

काम असं झालं: मागचे दोन्ही सिलिंडर नवे, दोन्हीकडचे लायनर नवे. तेल प्यायलेले लायनर पॉलिशपेपरनं घासून परत बसवू देऊ नका, ते धरत नाहीत. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलं, डॉट 4 प्रकारचं, कारण डबीच्या झाकणावर तेच लिहिलेलं होतं. लायनीत शिरलेली हवा काढायला त्यांनी स्कॅनरवाल्या पोराला बोलावलं. बूस्टर इलेक्ट्रॉनिक असल्यानं आमच्या गाडीत सर्व्हिस मोड लावावा लागला. जॅक मात्र कंपनीच्या खुणेवरच लावायला लावा. खाली सगळी बॅटरी आहे, मधे कुठेही टेकवला तर ब्रेकपेक्षा मोठा खर्च उभा राहील.

एकूण बिल 6,200, स्कॅनरवाल्यासकट. शेवटी मिस्त्रींनी मला पेडल अर्धा मिनिट दाबून धरायला लावलं. खाली सरकलं असतं तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्यायचा. तसूभर हललं नाही. काय कडक पेडल लागतंय आता!

डबीवर मार्करनं पातळीची रेघ मारून घ्या. परतताना मी इंदापूरला आणि घरी पोचल्यावर बॉनेट उघडून पाहिलं, ऑइल रेघेला धरून होतं. तुमचं एक रेघभर जरी खाली दिसलं तरी पुढचा टप्पा रद्द करा आणि चारही चाकं खोलायला लावा. रंगावर ऑइल सांडलं असेल तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलून येतो.