तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं ॲसिड जातं कुठे?

लग्नकार्यात कुणी ‘हे ॲसिडच्या प्लँटला होते’ अशी ओळख करून दिली की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘एवढं ॲसिड जातं तरी कुठे? आमच्याकडे तर लागत नाही.’ संडास धुवायला आणता ते वेगळं, हायड्रोक्लोरिक. आमचं सल्फ्युरिक, म्हणजे गंधकाम्ल. तुमच्या घरात ते उघड असतं फक्त इन्व्हर्टरच्या बॅटरीत. बाकी सगळं वेश बदलून येतं.

नळाच्या पाण्यातला गाळ खाली बसवायला जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी टाकतात, ती या ॲसिडाची. द्राक्षबागेत बुरशीवर बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलं मोरचूद तांबं आणि या ॲसिडापासून होतं. कपड्यांची पावडर बनवणारे ज्याला ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात, तेही आमच्याच घराण्यातलं.

पण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शेत. रॉक फॉस्फेट हा दगड. जॉर्डन, मोरोक्को, इजिप्तहून येतो, थोडा उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचा. त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर, पण पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसती भुकटी टाकली तर बहुतेक पिकांना फारशी लागू पडत नाही. त्याच भुकटीवर सल्फ्युरिक घातलं की सिंगल सुपर फॉस्फेट होतं. त्यात स्फुरद 16 टक्के आणि वर गंधकही. कांदेवाले सुपर फॉस्फेट सोडत नाहीत ते उगाच नाही; कांद्याचा तिखटपणा गंधकाच्याच संयुगांचा.

आता गंधक कुठून येतं? खाणीतून नाही. भारतात मूळ गंधकाचे कामाचे साठेच नाहीत. ते येतं मुख्यतः रिफायनरीतून. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुरावरचा बीएस-6 नियम लागू झाला आणि डिझेलमधलं गंधक 50 पीपीएमवरून (दहा लाख भागांत 50) 10 वर आणावं लागलं. धुरातून नाकात गेलं असतं ते काढून घेतलं जातं आणि आमच्याकडे कच्चा माल म्हणून येतं.

प्लँटवरची खरी कसरत या गंधकाचीच. ते 140 अंशांच्या आसपास पातळ, मधाच्या रंगाचं असतं आणि पंपाने छान चढतं. 160 च्या वर गेलं की एकदम घट्ट होतं, आणि 119 च्या खाली पाइपातच दगड. म्हणून प्रत्येक पाइपाला बाहेरून वाफेचं जॅकेट. नवख्याला वाटतं, चढत नाही तर वाफ वाढवा. नेमकं उलटं होतं! पुढे ते जाळायचं, व्हॅनेडियमच्या उत्प्रेरकावरून न्यायचं आणि तयार झालेला वायू पाण्यात नाही, 98 टक्के ॲसिडातच शोषून घ्यायचा. पाण्यात सोडला तर असं धुकं होतं की चिमणीबाहेर निघून जातं, हाती काही लागत नाही. या सगळ्यात उष्णता इतकी सुटते की प्लँट वाफेसाठी इंधन मागत नाही, उलट वाफ पुरवतो.

आता मला एकच काळजी वाटते. गंधकाला मागणी आली म्हणून कुणी जास्त तेल शुद्ध करत नाही. वीजगाड्या वाढल्या, तेल घटलं की गंधकही घटणार. खताची गरज मात्र तेवढीच. गाड्यांना तांबं लागेल, तांब्याच्या भट्ट्यांच्या धुरातूनही सल्फ्युरिक निघतं, हे खरं. पण तेवढ्यावर भागेल असं मला वाटत नाही.