अवयवदानाचे हिरवे रिस्टबँड विकताना: माझा अनुभव

अवयवदानाच्या जनजागृतीसाठी सिलिकॉनचे हिरवे रिस्टबँड तयार करून घ्यायचे आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक बँडमागे ठरावीक रक्कम एका नोंदणीकृत न्यासाला द्यायची, असा छोटा व्यवसाय मी ठाण्यात, नौपाड्यातील राहत्या घरातून सुरू केला. कल्पना माझी नव्हे. २००४ साली अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांच्या संस्थेने नायकीच्या साहाय्याने १ डॉलरला विकलेल्या पिवळ्या बँडमुळे ती जगभर पोहोचली.

सरकारी नोंदी अपेक्षेपेक्षा सोप्या निघाल्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनच्या आधारे विनाशुल्क होते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात, एवढे लक्षात ठेवले की पुरे. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार कामगारांची संख्या कमी असेल तर केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. या दोन कागदांवर बँकेत चालू खाते उघडले.

न्यासाशी झालेली बोलणी मात्र बराच काळ चालली, आणि ती तशी चालली हे बरेच झाले. विश्वस्तांचा पहिलाच प्रश्न होता की, आमचे नाव तुम्ही कोठे आणि कोणत्या शब्दांत छापणार? ‘नफ्यातील काही भाग’ असे शब्द मला नकोच होते, कारण नफा किती दाखवायचा हे शेवटी विकणाऱ्याच्याच हाती असते. म्हणून बँडची किंमत ६० रुपये आणि त्यातील १५ रुपये न्यासाला, मग मला नफा होवो अथवा न होवो, असे लेखी ठरले. दर तिमाहीला विक्रीचा हिशेब देण्याचे कलमही त्यात घातले. सोसायट्यांमधील स्टॉलवर ‘८०जीची (देणगीवर आयकरात सवलत मिळण्यासाठीची) पावती मिळेल का?’ असे हमखास विचारले जाई. ग्राहक वस्तू विकत घेत असल्यामुळे त्याला ती मिळत नाही; न्यासाला देणगी माझ्याकडून जाते आणि पावतीही माझ्याच नावाने होते, हे मी प्रत्येकाला सांगत असे. ते ऐकून काही जण बँड न घेताच निघून जात, आणि मला त्यांचे वाईट वाटत नसे. ८०जीसाठी २००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगी ग्राह्य धरली जात नाही, त्यामुळे सर्व रक्कम मी बँकेमार्फतच पाठवली.

बँड रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात करून घेतले. कच्चे सिलिकॉन तापलेल्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून बँड तयार होतो, त्यामुळे डायचा खर्च एकदाच होत असला तरी मोठी ऑर्डर दिल्याशिवाय तो परवडत नाही. १२ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर देवनागरी कोरणे हे इंग्रजीपेक्षा अवघड काम आहे. ‘मृत्यूनंतरही जीवन’ या मजकुराच्या नमुन्यात ऋकार आणि जोडाक्षर भरून गेले, तर ‘अवयवदान’ हा शब्द, एका कान्याशिवाय काहीच नसल्याने, लांबूनही स्वच्छ वाचता आला. माल घेताना बँड ताणून पिळून पाहावा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर सिलिकॉनमध्ये भेसळ आहे असे समजावे.

बँड घातला म्हणजे अवयवदानाचा संकल्प झाला, असा गैरसमज सर्रास आढळतो. त्यामुळे सोबतच्या कार्डावर नोट्टो या राष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळाचा क्यूआर कोड छापला, कारण संकल्पाची नोंदणी तेथे आधारच्या मदतीने करता येते. मेंदूमृत्यूनंतर प्रत्यक्षात नातेवाइकांची संमती घेतली जाते, म्हणून ‘आपली इच्छा घरच्यांना सांगून ठेवा’ ही ओळ कार्डावर सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे. बँडपेक्षा हे कार्डच अधिक उपयोगी आहे, असे माझे मत झाले आहे.

विक्री प्रामुख्याने ३ ऑगस्टच्या, म्हणजे भारतीय अवयवदान दिनाच्या, आसपास होते. एरवी मागणी तुरळक असते. वस्तूंच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची उलाढाल मर्यादा ४० लाख रुपये असल्याने सुरुवातीला मी नोंदणी केली नव्हती. पुढे सुरतेहून ऑर्डर आली, आणि परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी आवश्यक असते. तेव्हा वीजबिल आणि घरमालकांचे ना-हरकत पत्र जोडून ती करून घेतली आणि मगच तो माल रवाना केला.