दहा मिलिमीटरचं कोकण

हर्णैच्या बंदरावर पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून सुवर्णदुर्ग हरवला. म्हणजे किल्ला जागच्या जागी होता, समुद्रात ठाण मांडून. पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतो तर वर आभाळच आभाळ, खाली पाणीच पाणी आणि मधे नखाएवढी काळपट रेघ. मामेभावाने खांद्यावरून डोकावून विचारलं, "दादा, ही होडी आहे का?"

ज्या किल्ल्याला २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं, त्याची मी होडी केली होती. आणि ती करायला पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड अशी वळणं घेत सहा-सात तास आलो होतो. बॅगेत भाड्याने आणलेल्या दोन लेन्स होत्या.

त्याची गोष्ट अशी. माझ्याकडे कॅननचा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा आणि त्याच्याबरोबर मिळालेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स. आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद. कोकणातल्या देवळांचे फोटो काढताना दर वेळी एकच रड. मागे सरकत सरकत पाठ गडग्याला टेकते आणि तरीही कळस कापला जातो. तेव्हा एकदाची अल्ट्रा-वाइड, म्हणजे खूपच रुंद दृश्य घेणारी लेन्स घ्यायची ठरवली. दुकानात गेलो, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "घ्या बिनधास्त, सगळं मावतं यात." मावतं हा शब्द डोक्यात बसला. नशीब इतकंच की, विकत घेण्याआधी पाच दिवस भाड्याने नेऊन बघावं अशी बुद्धी झाली.

एक होती कॅननची १०-१८, छिद्र एफ ४.५ ते ५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त), वजन जेमतेम २४० ग्रॅम, आत थरथर सावरणारा स्टॅबिलायझर. दुसरी टोकिनाची ११-१६, सगळीकडे एफ २.८, पण वजन दुपटीहून जास्त आणि स्टॅबिलायझर नाही. क्रॉप सेन्सरमुळे आकड्यांना १.६ ने गुणायचं. म्हणजे दहाची लेन्स फुल फ्रेमवरच्या, जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या, सोळासारखी दिसते आणि माझी जुनी अठरा जवळजवळ एकोणतीससारखी. दहा आणि अकरात काय तो एका मिलिमीटरचा फरक, असं वाटतं खरं. पण या टोकाला एकेक मिलिमीटर जाणवतो. लांबच्या टोकाला २०० आणि २०१ मध्ये कोणाला काही कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसूदला केशवराजला गेलो. गाडी वर ठेवून पाखाडीने खाली उतरायचं, पोफळीच्या बागांतून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकत. मग ओढ्यावरचा छोटा पूल आणि पलीकडे चढत जाणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या. झाडी इतकी दाट की, दहा वाजले तरी खाली सावलीच. वर देऊळ लहानसंच, आवार त्याहून लहान. अठराने देवळाचा एक कोपरा नाहीतर दुसरा. दहा लावली आणि अख्खं देऊळ, आवार, वरची झाडं, सगळं आलं. मावलं!

पण मावलं ते कसं? शिखर घ्यायला कॅमेरा वर उचलला होता, त्यामुळे देऊळ मागच्या डोंगरावर रेलून बसल्यासारखं दिसायला लागलं. भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकलेल्या. हा लेन्सचा दोष नाही, कॅमेरा तिरका धरल्याचा आहे. सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही की उभ्या रेषा वरती जवळ येतात, आणि लेन्स जितकी वाइड तितकं ते डोळ्यात भरतं. वास्तूंचे फोटो काढणारे मुरलेले लोक यासाठी टिल्ट-शिफ्ट लेन्स वापरतात. कॅननची १७ मिलिमीटरची तशी लेन्स २००९ मध्ये आली. तिच्यात कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते. आपल्या ऐपतीतला उपाय एवढाच की, कॅमेऱ्यातली लेव्हल चालू करायची आणि तो काटेकोर सरळ धरायचा. कळस येतो. पण मग खालची अर्धी फ्रेम फरशीने भरते.

त्या फरशीचं काय करायचं, यात माझी सकाळ गेली. पुढून कापून टाकता येते, पण मग एवढी वाइड घेतली कशाला? शेवटी आवारातल्या गोमुखाशी जाऊन उकिडवा बसलो. बारमाही पाण्याची धार पडते तिथे. कॅमेरा गोमुखापासून हात-दीड हातावर, सरळ, गुडघ्याच्या उंचीवर. आणि फोटोच बदलला. पुढे दगडी गोमुख आणि पाण्याची धार, मोठी, ओली, हात लावावा अशी. मागे देऊळ आपल्या जागी शांत. रिकामी फरशी गोमुखाने खाऊन टाकली होती.

दहा मिलिमीटरवर एफ ८ ठेवून साधारण ६७ सेंटिमीटरवर फोकस केला, की माझ्यासारख्या सेन्सरवर ३३-३४ सेंटिमीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एफ १६, एफ २२ असा हट्ट धरायची गरज नसते. तिथे उलट विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारकावे मऊ पडायला लागतात. हर्णैला मी नेमकं उलटं केलं होतं. लांबचा किल्ला, पुढ्यात काहीच नाही आणि हातात दहा मिलिमीटर.

खाली उतरताना मामेभावाला हे सगळं उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे जवळ जायचं असेल तरच वाइड. मग दुकानदार उलटं का सांगतो?" त्याने त्याचं दुकान चालवायचं असतं, बाबा.

मुक्काम मुरूडला, एका घरगुती ठिकाणी. घर जुनं, कौलारू. ओटी, पडवी, मग माजघर, लाकडी खांब, झोपाळा. दुपारी जेवताना काकूंनी विचारलं, "अहो, एवढे फोटो काढताय, तर आमच्या घराचे चार काढा की. पाहुण्यांना पाठवायला होतील." कुळथाचं पिठलं आणि सोलकढी पोटात गेल्यावर नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

माजघरातच दोन लेन्सचा खरा निवाडा झाला. भिंतीपासून तीन मीटर मागे सरकायला जागा होती. तेवढ्यात अठराने भिंतीचे पावणेचार मीटर दिसतात, दहाने साडेसहाहून जास्त. अंतर आणि सेन्सरची रुंदी यांचं साधं त्रैराशिक. पण माजघर अंधारं. एफ २.८ची लेन्स एफ ४.५पेक्षा अडीचपटीहून जास्त प्रकाश घेते, तेव्हा टोकिनाच जिंकणार असं मी धरून चाललो होतो. झालं उलटंच. कॅननच्या स्टॅबिलायझरचा दावा चार स्टॉपचा आहे. एकेक स्टॉप म्हणजे दुप्पट, म्हणजे हिशेबात सोळापट. प्रत्यक्षात तेवढं नाही मिळालं, पण भिंतीला टेकून, श्वास रोखून, पाव सेकंदाचे फोटो एकामागून एक स्वच्छ आले. खांब, झोपाळा, कोनाड्यातली समई यातलं काहीच हलत नव्हतं. हलणारं फक्त माझे हात. ट्रायपॉड कुठे गाडीतून आणा आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर रोवा? शिवाय एफ २.८वर पुढचा खांब आणि मागची भिंत दोन्ही नेमकी हवीत, म्हणजे पुन्हा छिद्र लहान करणं आलंच.

मग काकू म्हणाल्या, आमचाही एक काढा. काका, काकू, सूनबाई, दोन नातवंडं, ओळीने. मी घाईत काढला. काकू होत्या उजव्या टोकाला. पडद्यावर बघून त्या क्षणभर गप्प. मग, "मी काय एवढी अघळपघळ आहे?" अल्ट्रा-वाइड सरळ रेषा बहुतांशी सरळ ठेवते, त्याची किंमत कडेला वसूल करते. कडेचं सगळं बाहेरच्या अंगाला ताणलं जातं. भिंत असेल तर चालून जातं, माणूस असेल तर घरात भांडणं. सगळ्यांना मधे गोळा करून, जुनी लेन्स लावून पुन्हा काढला, तेव्हा चहा मिळाला.

पुढच्या दोन दिवसांत किनाऱ्याने बरंच शिकवलं, बहुतेक माझ्या फजितीतून. कर्द्याच्या पुळणीवर सकाळी समुद्राचे फोटो काढायला गेलो, तर प्रत्येक फोटोत खालून माझीच लांबलचक सावली आत येत होती. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि एवढ्या वाइड लेन्सला आपली सावली चुकवणं अवघड. संध्याकाळी उलटं, सूर्य फ्रेममध्ये असतोच असतो. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून सूर्याकडे लेन्स केली आणि फोटोभर फिकट ठिपके उमटले. बघितलं तर पुढच्या काचेवर माझ्याच अंगठ्याचा ठसा. पुसल्यावर बरेचसे गेले. आभाळ गडद करणारा पोलरायझर फिल्टर लावला तर निळ्या आभाळात मधेच एक गडद पट्टा, दोन्ही बाजूंना फिकट. सूर्यापासून काटकोनात त्याचा परिणाम सगळ्यात जास्त, आणि इथे फ्रेममध्ये आभाळच एवढं येतं की, गडद-फिकट दोन्ही एकदम दिसतं. काढून खिशात टाकला. सुवर्णदुर्गाचा चांगला फोटो मिळाला तो तिथूनच, वरून, आपल्या जुन्या १८-५५च्या पंचावन्नला. मामेभावाने काही न बोलता नुसतं बघितलं.

क्षितिज हीसुद्धा एक परीक्षाच. समुद्राची रेघ फ्रेमच्या मधून काढली तर सरळ. वरच्या कडेला नेली की कमान होते. सॉफ्टवेअरमध्ये साधी कमान एका खुणेने सरळ होते. काही लेन्समध्ये ती मिशीसारखी दुहेरी वळते, तिच्यासाठी त्या लेन्सचं स्वतंत्र प्रोफाइल लागतं. किनाऱ्यावर फोटो काढणाऱ्याने लेन्स घेण्याआधी हे एकदा बघून घ्यावं. डोंगराच्या फोटोत कळतसुद्धा नाही.

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला आलो आणि हेदवीला बामणघळ गाठली. भरतीचं पाणी खडकाच्या चिरेत घुसतं आणि वर उसळतं. वाइड म्हणजे जवळ जाणं आलं, आणि जवळ म्हणजे खारा फवारा. काचेवर पडलेला थेंबन् थेंब फोटोत दिसतो, त्यातून छिद्र लहान असेल तर जास्तच. कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, मीठ काचेवर ओरखडे काढतं. आधी गोड्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं, मग कोरडं. फुगीर भिंगाच्या लेन्स असतात ना, पुढे संरक्षक फिल्टरच बसत नाही अशा, त्यांचा विचार मी त्या खडकावर उभा असतानाच सोडून दिला. लोक त्यांनी अप्रतिम फोटो काढतात. काढू देत.

तवसाळहून जयगड आणि पुढे रत्नागिरी, पावस करत कशेळीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. कनकादित्याचं दर्शन घेऊन सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर गेलो. कातळशिल्पांसाठी. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि कशेळीचा हत्ती त्यांतला दांडगा. जवळपास १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद. त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी, मासे कोरलेले. उभं राहून बघितलं तर आधी काहीच कळत नाही, नुसत्या खाचा. मग ऊन तिरपं होत गेलं, खाचांत सावली भरली आणि सोंड दिसली, पाय दिसले.

दहा लावली. जवळचा पाय भलामोठा, पलीकडची पाठ सुतासारखी. हत्ती कुठेच नाही. चुकीचं भिंग नव्हतं, चुकीची उंची होती. जमिनीवर आडवं असलेलं चित्र माणसाच्या उंचीवरून कुठल्याच लेन्सने चित्र म्हणून दिसत नाही. कातळावर बसून हिशेब केला. १८ मीटर सरळ वरून घ्यायचं तर दहा मिलिमीटरला आठ मीटर उंची हवी, अठराला साडेचौदा. मामेभाऊ म्हणाला, "आंबे काढायची शिडी आणू का गावातून?" आणली असती तरी तिचे पाय ठेवायचे कुठे, हत्तीच्या पोटावर? मग ट्रायपॉड मिटवून त्याची काठी केली, कॅमेरा टोकाला, दहा सेकंदांचा टायमर आणि कडेकडेने फिरत डोक्यावर उंच धरला. तीन मीटर उंचीवरून एका वेळी साडेसहा मीटर येतात. तुकड्या-तुकड्याने घेतला, घरी जोडला. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या कडेला माझं विरळ झालेलं डोकं आलं होतं, ते कापलं. टोकिना काठीवर लावून बघितली, पण त्या वजनाने दोन मिनिटांत दंड भरून आले.

रात्री मात्र टोकिनाने उसनं फेडलं. सड्यावर अंधार पडला, मृग वर आला. एफ २.८, वीस सेकंद, आणि कातळाच्या काळ्या रेषेवर तारे टाचणीच्या टोकाएवढे उतरले. कॅननला तेवढ्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, दुप्पट-अडीचपट चढवावा लागला आणि आभाळात रवाळ कचरा आला. तारे हाच ज्याचा छंद, त्याने माझं माजघराचं गणित ऐकूच नये. मी वर्षातून दोनदा तारे काढतो आणि वीसदा देवळं.

पुण्यात लेन्स परत करण्याआधी फोटो मिलिमीटरनुसार लावून बघितले. ठेवण्यासारखे निम्म्याहून जास्त दहा ते बाराच्या आतले, आणि जवळजवळ सगळे कुठे ना कुठे हातभर अंतरावरच्या वस्तूचे: गोमुख, झोपाळ्याची कडी, खडकातलं डबकं. आठवड्याभरात एक वापरलेली १०-१८ मिळाली, तीच घेतली.

काकूंना माजघराचे फोटो पाठवले होते. उत्तर यायला दोन दिवस लागले. "फोटो छान आहेत हो. पण आमचं माजघर एवढं मोठं कधी झालं? हे बघून पुण्याहून दहा माणसं झोपायला येतील. तुम्ही त्या जुन्या कॅमेऱ्याने काढला होतात ना, तो पाठवा."