वाऱ्याच्या आडोशाला

रविवारी दुपारी सगळी सोसायटी वरणभातानंतरच्या झोपेत होती. मी पार्किंगमध्ये जुनी सतरंजी अंथरली आणि खोकं फोडलं. आत थर्माकोल, त्याच्या आत फुग्याफुग्यांचं प्लास्टिक आणि त्याच्या आत ते फेअरिंग, म्हणजे मोटरसायकलच्या तोंडावर बसवायचं, वारा अडवणारं कवच. काळं, उंच, मधे हेडलाईटपुरतं मोकळं, वर पारदर्शक स्क्रीन. सोबत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि नट-बोल्टची पुडी. माहितीपत्रक म्हणून एक झेरॉक्स होती. तिच्यात बाणच बाण होते आणि सगळे बाण एकाच काळ्या डागाकडे जात होते.

दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. अशा वेळी दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली येतातच.

"किती पडलं?"

मी निम्मा आकडा सांगितला. त्यावरही ते हळहळले.

"ॲव्हरेज वाढतं का याने?"

"नाही."

"मग?"

या 'मग'ला उत्तर आहे, पण पार्किंगमध्ये उभ्याउभ्या देण्यासारखं नाही. गाडी साठवरून नव्वदवर गेली की वेग दीडपट होतो, वाऱ्याचा रेटा मात्र सव्वादोन पट. त्यातून माझी उंची जरा जास्त, त्यामुळे कुठल्याही स्क्रीनवरून उतरणारा वारा नेमका माझ्या हेल्मेटच्या कपाळावर येतो. त्यात दोष गाडीचा नाही, आजोबांकडून आलेल्या हाडांचा आहे. वारा सरळ अंगावर आला तर फारसं बिघडत नाही, मागे रेटतो इतकंच. पण स्क्रीनच्या कडेवरून सुटताना तो गिरक्या घेतो आणि त्या गिरक्या हेल्मेटवर थाडथाड आपटत राहतात. शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आतला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. साताऱ्याहून पुण्याला येऊन घरात शिरलं की बायको काय म्हणतेय ते पहिली दहा मिनिटं ऐकू येत नाही. तिच्या मते फरक पडत नाही.

काकांना मी एवढंच म्हणालो, "वारा लागतो हो."

"वारा लागू नये म्हणून माणूस कार घेतो," ते म्हणाले आणि वर गेले.

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन, जुनी, ४११ सीसीची. २०१६ साली बाजारात आली तेव्हापासून मनात होती. तिचा हेडलाईट हॅन्डलबरोबर फिरत नाही, तो फ्रेमला धरून आहे. म्हणूनच असलं जड फेअरिंग तिला झेपतं, कारण सगळं वजन फ्रेमवर जातं आणि हॅन्डल मोकळं राहतं. ही उंच फेअरिंगची तऱ्हा आली डकार रॅली या लांब पल्ल्याच्या शर्यतीतून. वाळवंटात स्वाराच्या डोळ्यांसमोर रोडबुक हवं, म्हणजे वाट सांगणारी कागदाची गुंडाळी, एका बाजूने उलगडत दुसऱ्या बाजूला गुंडाळली जाणारी. ती बसवायला मनोरा आणि मनोरा झाकायला फेअरिंग. २०१५ साली सी. एस. संतोष हा डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हापासून आपल्याकडेही या मनोऱ्यांचं वेड जरा वाढलं असावं. माझ्या मनोऱ्यावर रोडबुकाच्या जागी मोबाईल लागणार होता. त्यातली रस्ता सांगणारी बाई कात्रजच्या बोगद्यात शिरलं की गप्प होते.

बसवायला पुड्याभर बोल्ट. पण कुठलाच बोल्ट लगेच आवळायचा नाही. सगळे आधी हाताने, दोन-दोन आटे धरेपर्यंत फिरवून ठेवायचे, भोकं एकमेकांसमोर आलीत ना ते पाहायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा. पहिलाच आवळला की शेवटच्याचं भोक हमखास अर्धा सूत बाजूला जातं. अर्धा सूत बाजूला गेलेल्या भोकासाठी माणसं कानस काढतात, ड्रिल काढतात आणि फायबरची कूस अंगात भरून रात्रभर खाजवत बसतात. बोल्ट सुटू नये म्हणून लावतात ते निळं औषध स्क्रीनच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, पॉलिकार्बोनेटला त्याने भेगा पडतात. तिथे रबरी बुश, नायलॉनचा वायसर आणि हलका हात. आवळायचा मोह होतोच, त्याला इलाज नाही.

शेवटी हॅन्डल डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत. क्लचची केबल कुठे ताणली जात नाही ना, ब्रेकचा पाइप कुठे घासत नाही ना. मग इंजिन सुरू करून परत एकदा डावीकडे-उजवीकडे. हॅन्डल वळवताना रेस आपोआप वाढली तर केबल अडकतेय आणि ते घाटात वळणावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. गाडीतल्या फेरफारांबद्दलच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची टांगती तलवार असतेच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीतल्या फेरफारांबद्दल कडक निकाल दिल्यापासून नाना पेठेतले दुकानदारही "बसवा, पण जपून" असं म्हणतात. दिवे, इंडिकेटर, नंबरप्लेट जिथल्या तिथे ठेवले.

स्क्रीनच्या बुडाशी दोन बोटं फट होती. नवख्या माणसाला ती बनवणाऱ्याची चूक वाटेल. पण ती मुद्दाम असते. स्क्रीनमागे हवेचा दाब उतरतो आणि ती पोकळी आजूबाजूचा वारा आत ओढून घेते, तोच डोक्यावर आदळतो. खालून थोडा वारा सोडला की ओढ कमी होते. इटलीत कोमो सरोवराकाठी मांडेल्लोला मोटो गुझी या गाड्या बनवणाऱ्या कंपनीने १९५० साली खास मोटरसायकलींसाठी वाऱ्याचा बोगदा बांधला, म्हणजे गाडीवर वारा सोडून बघायची जागा, पूर्ण आकाराची गाडी आणि वर स्वार मावेल एवढा. त्या काळात शर्यतीच्या गाड्यांचं पुढचं चाकसुद्धा झाकणारी फेअरिंग निघाली, त्यांना डस्टबिन म्हणायचे. सरळ रस्त्यावर ती भन्नाट पळत. आडवा वारा आला की गाडी कुठे जाईल ते सांगता येत नसे. १९५८ पासून त्यांच्यावर बंदी आली.

स्क्रीनवरची निळसर फिल्म सोलताना मला एकदम आमच्या स्कूटरची काच आठवली.

बाबांची चेतक होती. तिच्यासाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत, त्यातलीच एक. तिला बाबांनी पुढे मोठी काच बसवून घेतली होती. काच कसली, ॲक्रिलिकच ते, पण सगळं गाव तिला काचच म्हणायचं. वरच्या कडेला हिरवी पट्टी, खाली क्लॅम्प, मधोमध गणपतीचा स्टिकर. कोरड्या फडक्याने पुसून पुसून तिच्यावर इतके चरे पडले होते, की संध्याकाळी समोरच्या एसटीचे दिवे फुटून सगळ्या काचेवर पसरायचे. पाऊस आला की बाबा काचेच्या वरून मान काढून बघत. म्हणजे जेव्हा तिची खरी गरज, तेव्हाच तिचा उपयोग नसायचा.

मी पुढे उभा राहायचो, हॅन्डलच्या मधे, दोन्ही हातांनी क्लॅम्पचे दांडे धरून. आई मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर धाकटी. काचेच्या आतली ती जागा फक्त बाबांची आणि माझी होती, कारण तिथे ऐकू यायचं. घरी बाबा फारसे बोलत नसत. वर्तमानपत्र, रेडिओ, "जेवायला वाढ", संपलं. स्कूटरवर मात्र ते अखंड बोलायचे. साहेबाला नावं ठेवायचे, साहेबाच्या आवाजात. एका नाट्यपदाची पहिली ओळ म्हणायचे, दुसरी त्यांना येत नव्हती, मग परत पहिली. वाढे फाट्याच्या चढावर गिअर टाकताना गाडीला "चल गं बाई" म्हणायचे. आई मागून ओरडायची, "काय म्हणताय?" आणि बाबा मान जराशी वळवून म्हणायचे, "काही नाही."

ते 'काही नाही' मी अजून शोधत असतो. बाबांना कधी विचारलं, की तुम्ही स्कूटरवर काय काय बोलायचात, तर म्हणतात, छे, गाडी चालवताना कशाला बोलेन?

पुढच्या शनिवारी पहाटे निघालो. खंबाटकी उतरेपर्यंत लक्षात आलं की काम झालंय. छातीवरचा रेटा गेला होता, मानेत ताण नव्हता, हेल्मेट एका जागी होतं. साताऱ्यातून सज्जनगड फाटा, ठोसेघर आणि वर चाळकेवाडी. फेअरिंगची परीक्षा घ्यायला त्याहून चांगली जागा नाही, कारण वारा भरपूर म्हणूनच तर त्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उभं राहिलंय. पाऊस सरत आला होता, गवत एका बाजूला आडवं पडलेलं, पाती जोरात फिरत होती. वारा बरोब्बर आडवा. गाडी हातभर सरकायची, पण हॅन्डल हातातून जात नव्हतं. हेच फेअरिंग हॅन्डलवर असतं तर वाऱ्याने हॅन्डलच वळवलं असतं. मी खूश होऊन एका चक्कीखाली चहाची बाटली काढली. पात्यांचा हूं-हूं आवाज नीट मोजून येत होता.

खरी गंमत परतीच्या वाटेवर झाली. डोक्यावरची थाडथाड गेली होती आणि तिच्याखाली जे काय दडलं होतं ते सगळं ऐकू यायला लागलं. इंजिनातल्या टॅपेटची टिकटिक. डाव्या बॅगेतलं टूलकिट. मडगार्डची कुठली तरी पट्टी, फक्त चौथ्या गिअरमधे. आणि सत्तरच्या पुढे, खालून डावीकडून, एक बारीक किरकिर. ही आत्ता सुरू झाली की गेली दोन वर्षं आहे, ते सांगायला कुणी नाही. ऐंशीला ती वाढते. साठला थांबते, पण थांबली की ती कधी येतेय याची वाट बघणं सुरू होतं. शिरवळपर्यंत मी एकदाही डोंगराकडे पाहिलं नाही, नुसता कान लावून बसलो होतो.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, चेन असेल, बेअरिंगही असेल, गाडी आणा. मग म्हणाला, स्क्रीन काढून चालवून बघा, जातो का आवाज.

बुधवारी नेतो. चेनच असावी.