कपल शूट अपडेट: पोज संपली तरी कॅमेरा चालूच

"एकमेकांकडे बघा, हसा" हे सांगणं मी आता पूर्ण बंद केलंय. हसा म्हटलं की ओठ हसतात पण डोळे हळूच माझ्याकडे वळतात, जमतंय ना बरोबर असं विचारल्यासारखे, आणि फोटोत एखादा क्षण निभावून नेता येतो हो, व्हिडिओत ते सलग पाच सेकंद दिसत राहतं.

त्याऐवजी वादाचा विषय काढून द्यायचा. पहिला मेसेज कोणी केला, एवढं विचारलं तरी पुरतं. परवा ती म्हणाली यानेच, तो म्हणाला "अगं काहीही काय", मग त्याने पुरावा दाखवायला फोन काढला, तिने घाईघाईने स्क्रीनवर हात ठेवला आणि मग वाद संपला तरी तो हात तिथेच राहिला, त्याच्या बोटांवर. मी गप्प. असं काही सांगून करून घेता येत नाही, म्हणून "झालं, मस्त" म्हटल्यावरही रेकॉर्डिंग दहा-पंधरा सेकंद चालूच ठेवतो, खांदे तेव्हाच सैल पडतात. रेकॉर्डिंगचा लाल दिवा मेनूतून आधीच बंद केलेला बरा.

लेन्स 85 एमएम, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, चारेक मीटर लांबून आणि मोनोपॉडवर, म्हणजे एका पायाच्या स्टँडवर. 35 एमएमची फ्रेम मला जास्त आवडते खरं तर, पण तिच्यासाठी जवळ जावं लागतं आणि मी जवळ गेलो की दोघंही कुजबुजायला लागतात. फक्त 85 वर एफ 1.8 चा, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं उघडायचा, मोह टाळा, त्या अंतरावर जेमतेम वीतभर खोली शार्प मिळते, एक जण हसत मागे झुकला की गेला फोकसच्या बाहेर. एफ 4 ला साधारण अर्धा मीटर मिळतो, दोघंही त्यात राहतात. उन्हात शटर 1/50 सेकंद ठेवायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लेन्सवर लागतोच.

आणि स्लो मोशन! यावर भांडायला तयार आहे मी. 50 एफपीएसचं (सेकंदाला 50 फ्रेम्सचं) फुटेज 25 च्या टाइमलाइनवर अर्ध्या स्पीडने टाकलं की सगळीच जोडपी सारखी दिसायला लागतात. टोमणा आणि त्यावरचं उत्तर यात जो अर्ध्या सेकंदाचा गॅप असतो ना, त्या दोघांचं जे काय आहे ते तिथेच असतं, तो ताणला की संपलं. आता बहुतेक सगळं 25 लाच शूट करतो.

आवाजाने मात्र खरा फरक पडला. दोघांना कॉलर माइक, रेकॉर्डर 32 बिट फ्लोटवाला, त्यामुळे मध्येच कोणी खिदळलं तरी रेकॉर्डिंग फाटत नाही, लेव्हल एडिटला खाली आणता येते. एडिटमध्ये हसू आधी ऐकू येतं, मागच्याच शॉटवर, आणि चेहरा नंतर दिसतो. माइक चालू आहे हे दोघांना स्पष्ट सांगतो, आणि खाजगी काही बोलले असतील तर त्यांना ऐकवून, विचारूनच ठेवतो नाहीतर सरळ डिलीट.

अडलंय ते एकच, दोघांतला एक जण फारच लाजरा असला की. प्रश्न विचारला की तो उत्तर मलाच देतो, तिला नाही. पुढच्या शूटला अशा जोडीला पाठमोरं चालायला लावून, मागून फक्त आवाज आणि हात घेऊन बघणारे.