सुखरूप

११ एप्रिल १९८४. पुण्यातल्या एका दैनिकात मी शिकाऊ उपसंपादक होतो, नोकरीला जेमतेम पाच महिने झालेले. त्या दिवशी राकेश शर्मा अवकाशातून परत येणार होते. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते बैकानूरहून गेले, तेव्हापासून पहिलं पान त्यांचंच. सल्यूत-७ या अवकाशस्थानकावरची योगासनं, इंदिराबाईंना दिलेलं ‘सारे जहाँ से अच्छा’ हे उत्तर, सगळं छापून झालं होतं.

बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीचं पान साडेपाचला सुटायचं. साडेचारच्या सुमारास टेलिप्रिंटरची घंटा वाजली : कझाकस्तानात आर्कालिकजवळ यानाची कुपी उतरली. मी टेक, म्हणजे बातमीचा तो कागद, फाडला, टेबलाशी धावलो आणि मथळा लिहिला, ‘राकेश शर्मा सुखरूप परतले’. खाली मोठ्या ऐटीत ‘सोयूझ टी-११ मधून’.

नाना आमचे मुख्य उपसंपादक. त्यांनी तांबड्या पेन्सिलीने आधी ‘११’ चे ‘१०’ केले. गेले टी-११ यानातून, आले आधीच तिथे उभ्या असलेल्या टी-१० मधून. हे मला ठाऊक असायला हवं होतं. मग त्यांनी ‘सुखरूप’वर काट मारली.

“टेकमध्ये आहे हा शब्द?”

“नाही, पण उतरलेत की नाना. कुपी जमिनीवर आहे.”

“तेव्हाही होती.”

तेव्हा म्हणजे जून १९७१. सल्यूत-१, जगातलं पहिलं अवकाशस्थानक. दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव २३ दिवसांचा विक्रम करून परत निघाले होते. पात्सायेवचा ३८वा वाढदिवसही वरच झाला. नानांनी त्या रात्री ‘तिघेही सुखरूप’ हा मथळा दुसऱ्या दिवसासाठी आधीच जुळवून घेतला आणि घरी जाऊन झोपले. सकाळी रेडिओने उठवलं.

“कुपी ठरल्यासारखी अलगद उतरली,” नाना म्हणाले. “लोकांनी बाहेरून टकटक केली, आतून कोणी ओ देईना. झाकण उघडलं तर तिघं खुर्च्यांत, पट्टे बांधलेले. अंग अजून गरम.”

वरच, यानाचे भाग सुटे होताना, एक झडप अवेळी उघडली होती आणि आतली हवा निघून गेली होती. अंगात दाबाचे पोशाख नव्हते. ते घालून तिघं आत मावतच नव्हते. पुढे कित्येक वर्षं सोयूझमधून दोघंच जात.

“पण आता तिघांनाही पोशाख असतात,” मी म्हणालो. वाचलेलं होतं ना.

“असू देत. झाकण उघडल्याचं येऊ दे.”

खाली छपाईखान्यात फोरमननं मथळा पानाच्या फर्म्यात बसवला, मधे एका शब्दापुरती जागा कोरी ठेवून. ‘सुखरूप’चे मोठे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, स्टिकमध्ये जुळवून हातात धरले आणि तो जिन्याकडे बघत उभा राहिला. साडेपाच वाजले. पावणेसहा झाले. सर्क्युलेशनचा माणूस दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. नाना तंबाखू मळत यंत्रापाशी उभे. मला त्यांचा रागच येत होता, खरं सांगायचं तर.

सहाला पाच कमी असताना पुढचा टेक आला. शर्मा आणि त्यांचे दोन सोबती, तिघेही बाहेर, प्रकृती ठीक. नानांनी तो दोनदा वाचला, माझ्या हातात दिला. “जा.”

मी दोन-दोन पायऱ्या उतरलो. फोरमननं टेक वाचलाही नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शब्द बसवला.

साताऱ्याच्या गठ्ठ्याची एसटी चुकलीच. दुसऱ्या दिवशी एजंटाचा शिव्या घालणारा फोन आला, तो नानांनी मलाच घ्यायला लावला.